मुलांच्या चामखिळी: पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

लहान मुलांच्या त्वचेचे आजार बघणं हे माझं रोजचं काम. पुरळ, इसब, खरूज सगळंच येतं, पण मेसेजमध्ये फोटो पाठवून सगळ्यात जास्त विचारणा होते ती चामखिळीची. फोटो बहुधा अंधुक असतो आणि खाली एकच ओळ असते: ‘डॉक्टर, हे काय आहे आणि कधी जाईल?’ तीच उत्तरं पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढली. प्रश्न पालकांच्याच शब्दांत आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. चामखीळ कशामुळे येते? अंगातली उष्णता, रक्तातला दोष असं काही असतं का?

तसं काही नसतं. चामखीळ विषाणूमुळे येते. त्याचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत. मुलांच्या हातापायांवर जे दिसतात ते बहुतेक १, २, ४, २७ आणि ५७ या क्रमांकांचे. कातडीला बारीकशी चीर असली की विषाणू आत शिरतो, वरच्या थरातल्या पेशींना भराभर वाढायला लावतो आणि तेवढा भाग जाड, खरखरीत होतो. रक्तात तो उतरत नाही. म्हणून ‘रक्त शुद्ध करायचं’ औषध देऊन काही साधत नाही.

हे विषाणूचं काम आहे हे कळून शतक उलटलं. १९०७ साली जुझेप्पे चुफो या इटालियन डॉक्टरने चामखिळीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की त्यात एकही पेशी किंवा जिवाणू उरू नये, आणि तो स्वतःलाच टोचून घेतला. तरीही चामखीळ उगवली. बेडकाला हात लावल्याने ती येते असं मुलांना सांगितलं जातं. बेडूक यात पूर्ण निर्दोष आहे.

२. ही चामखीळच आहे की तीळ, मस, आणखी काही? घरी कसं ओळखू?

उजेडात बसा, जमलं तर भिंग घ्या. चामखिळीचा पृष्ठभाग खरखरीत असतो, लहानशा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. बोटांवर किंवा तळहातावर असेल तर कातडीवरच्या बारीक रेषा तिच्यापाशी येऊन तुटतात, तिच्यावरून जात नाहीत. वरचा मेलेला थर थोडा घासला की आत काळे ठिपके दिसतात. पालक त्यांना ‘मुळं’ किंवा ‘बिया’ म्हणतात. त्या खरं तर गोठलेल्या केशवाहिन्या असतात.

गुळगुळीत, मोत्यासारखी चमकणारी आणि मधोमध खळगा असलेली पुळी असेल तर ते मोलस्कम. तो वेगळाच विषाणू आहे. त्याच्यावर चामखिळीचं औषध लावू नका. मोलस्कम बहुतेक मुलांत साधारण ६ ते १८ महिन्यांत आपोआप जातो. मानेवर देठाने लोंबणारे मऊ मस मोठ्यांना होतात, लहान मुलांत क्वचितच दिसतात. आणि जे काही तपकिरी किंवा काळं आहे, रंग बदलतंय, न दुखावता रक्त येतंय, त्यावर घरी प्रयोग करू नका. ते आधी दाखवा.

३. तळपायाला टणक झालंय आणि चालताना दुखतं. कुरूप आहे की चामखीळ?

यात मीही फसले आहे. माझ्या मुलाच्या टाचेजवळ असा एक टणक गोळा आला. बूट घट्ट होत होते, म्हणून मी ‘कुरूप असेल’ म्हणून सोडून दिलं आणि नवे बूट घेतले. तीन आठवड्यांनी आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, सहज वज्री फिरवली आणि आत काळे ठिपके दिसले. रोज दुसऱ्यांच्या मुलांचे पाय बघणाऱ्या बाईने घरातला पाय नीट बघितला नव्हता.

घरी करता येईल अशी खूण सांगते. चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबा. तेव्हा मूल ‘आई गं’ करतं आणि वरून सरळ दाबलं तर कमी दुखतं, असं असेल तर ती बहुधा चामखीळ. कुरपाचं उलट असतं: वरून दाबलं की कळ, बाजूंनी दाबलं तर फारसं काही नाही. शिवाय लहान मुलांना कुरूप होणं मुळात कमीच. तळव्यावरची चामखीळ वर उगवत नाही, अंगाच्या वजनाने आत दबते, म्हणून ती चामखिळीसारखी दिसत नाही. कधी बऱ्याच चामखिळी एकमेकींना चिकटून फरशीच्या तुकड्यांसारखा चट्टा तयार होतो. त्याला मोझेक म्हणतात. तो चिवट असतो.

४. घरात कोणालाच नाही. मग हिला कुठून आली?

शोधत बसू नका. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे ते कित्येक महिने जातात, त्यामुळे ‘गेल्या रविवारी त्याच्याशी खेळली म्हणून’ हा हिशेब लागतच नाही. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळांतल्या मुलांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात असं दिसलं की नवी चामखीळ येण्याचा संबंध मुख्यतः घरात किंवा वर्गात आधीच कोणाला तरी ती असण्याशी आहे. पोहण्याच्या तलावाला मात्र आपण उगाच जास्त दोष देतो. त्या शाळांत सुमारे एकतृतीयांश मुलांना चामखीळ होती. तेव्हा तुमच्या मुलीला ती आली यात स्वच्छतेचा, संगोपनाचा प्रश्न नाही.

५. काहीच केलं नाही तर काय होईल?

बहुतेक वेळा ती जाईल. मुलांमध्ये साधारण निम्म्या चामखिळी वर्षभरात आणि दोनतृतीयांश दोन वर्षांत औषधाविना जातात. शरीराची प्रतिकारशक्ती आधी तिला ओळखतच नाही, कारण विषाणू अगदी वरच्या थरात दडून असतो. एकदा ओळख पटली की कधी कधी एका आठवड्यात सगळ्या नाहीशा होतात. व्रण राहत नाही.

म्हणजे ‘थांबू या’ हाही उपचारच आहे, आणि मी तो मनापासून सुचवते. पालकांना तो ऐकायला आवडत नाही, हेही मला माहीत आहे.

६. मग उपचार करायचे तरी कधी?

मी पालकांना आधी एकच विचारते: त्रास कोणाला होतोय, मुलाला की तुम्हाला? सहा वर्षांची मुलगी गुडघ्यावरची चामखीळ विसरून खेळत असेल आणि पाहुण्यांसमोर आईलाच अवघडल्यासारखं होत असेल, तर मी औषध लिहून द्यायला कां-कूं करते. पण चालताना दुखत असेल, पेन्सिल धरताना टोचत असेल, वारंवार खरचटून रक्त येत असेल, भराभर वाढत असतील किंवा वर्गात चिडवतात म्हणून मूल हात खिशात लपवत असेल, तर उपचार जरूर करा. चिडवणं हे पुरेसं कारण आहे. त्यासाठी आधी दुखायला हवं असं नाही.

७. घरी औषध कसं लावायचं? आम्ही आठवडाभर लावलं, काहीच फरक नाही.

आठवड्यात फरक पडत नाही. बारा आठवडे धरून चाला. घरच्या उपचारांत सगळ्यात भरवशाचं औषध म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. ते विषाणूला मारत नाही. जाड झालेली कातडी थरथराने सुटी करतं आणि त्या हलक्या चिडचिडीने बहुधा प्रतिकारशक्तीचंही तिकडे लक्ष जातं. साधारण १७ टक्क्यांचं पातळ औषध मिळतं, तळव्यासाठी ४० टक्क्यांची पट्टी मिळते.

रोज रात्री झोपायच्या आधीची वेळ चांगली. चामखीळ कोमट पाण्यात पाच ते दहा मिनिटं भिजू द्या. आंघोळीनंतर लगेच केलं तर वेगळं भिजवायला नको. मग मऊ पडलेला पांढरा थर नखं घासायच्या कागदी पट्टीने किंवा वज्रीने हलक्या हाताने घासा. गुलाबी कातडी दिसायच्या, दुखायच्या किंवा रक्त यायच्या आधी थांबा. ती पट्टी फक्त त्या चामखिळीसाठी ठेवा, दुसऱ्या नखांना लावू नका आणि काम झालं की फेकून द्या. कोरडं करा. सभोवतालच्या चांगल्या कातडीवर व्हॅसलीनचं पातळ कडं काढा. आता दांडीने किंवा काडीने औषधाचा एक थेंब फक्त चामखिळीवर ठेवा आणि सुकू द्या. सुकल्यावर त्याची पांढरी पापडी दिसते. वर चिकटपट्टी लावली तर औषध जास्त आत जातं. दुसऱ्या दिवशी ती पापडी काढून पुन्हा तेच.

बहुतेक घरांमध्ये दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे घासणं टाळतात, त्यामुळे औषध मेलेल्या कातडीवरच बसून राहतं. दुसरी म्हणजे परीक्षा, लग्न, प्रवास आला की खंड पडतो आणि मग ‘औषध लागू पडलं नाही’ असं ठरतं. पातळ औषधं बहुतेक पेट घेणारी असतात. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा, दिव्या-मेणबत्तीजवळ नको आणि मुलांच्या हाताला लागेल अशा जागी तर नकोच.

८. औषधाने आजूबाजूची कातडी लाल झाली, मूल आता हात लावू देत नाही. बंद करू?

दोन-तीन दिवस थांबा. पांढरेपणा आणि थोडी सालं निघणं अपेक्षितच आहे. लाली पसरली, आग होऊ लागली किंवा ओलसर झालं तर औषध चांगल्या कातडीवर उतरलंय. कातडी शांत झाल्यावर पुन्हा सुरू करा, या वेळी थेंब लहान आणि व्हॅसलीनचं कडं रुंद. मूल तरीही घाबरत असेल तर काही आठवडे सोडून द्या. धरून-बांधून लावण्याइतकं यात काहीच तातडीचं नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाला घासायची पट्टी स्वतः धरू दिली, तुम्ही फक्त मनगटाला आधार दिला, तर बरीचशी भांडणं मिटतात.

९. किती वर्षांच्या मुलाला हे औषध चालतं? कुठे लावायचं नाही?

दोन वर्षांच्या आत डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. लहान बाळाच्या अंगात ते कातडीतून जास्त प्रमाणात शोषलं जातं. त्यापुढेही पाकिटावरचं वय बघा, कारण जोर वेगवेगळा असतो.

चेहरा, डोळ्यांच्या कडा, ओठ, नाकाच्या आत, शू-शीच्या जागा, तीळ, जन्मखूण, चिरलेली किंवा सुजलेली कातडी यांवर लावू नका. मुलाला मधुमेह असेल किंवा पायाची संवेदना, रक्तपुरवठा कमी असेल तर घरी उपचार नकोच. कांजिण्या किंवा फ्लूचा ताप सुरू असेल तर ते दिवस औषध बंद ठेवा. सॅलिसिलिक अ‍ॅसिड अ‍ॅस्पिरिनच्याच घराण्यातलं आहे आणि अशा तापात मुलांना अ‍ॅस्पिरिन देत नाहीत.

१०. डक्ट टेप लावली की चामखीळ जाते हे खरं का?

कदाचित. डक्ट टेप म्हणजे कापडी थराची जाड, चिवट, बहुधा रुपेरी चिकटपट्टी. २००२ साली ५१ जणांवर झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत टेपने ८५ टक्के आणि गोठवून ६० टक्के बऱ्या झाल्या, आणि टेपची कीर्ती जगभर झाली. पुढे २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या १०३ शाळकरी मुलांवर सहा आठवडे टेप लावून पाहिली तेव्हा १६ टक्के बऱ्या झाल्या. नुसतं कुरपाच्या पट्टीचं कडं लावलेल्यांत ६ टक्के. हा फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. २००७ मध्ये मोठ्या माणसांवर झालेल्या चाचणीत तर काहीच फरक पडला नाही.

माझं मत: दुखत नाही, मूल तयार आहे, तर करून बघा. सहा दिवस लावून ठेवायची, मग काढून भिजवायचं, घासायचं, रात्रभर मोकळं ठेवायचं आणि सकाळी नवी लावायची, असं दोन महिन्यांपर्यंत. टेपखाली कातडी लाल झाली, खाज आली तर बंद.

११. डॉक्टर ‘गोठवून काढू’ म्हणतात. दुखतं का? आणि खात्रीने जाते का?

दुखतं. लपवू नका. उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन काही सेकंद लावतात, आधी जळजळ होते आणि मग दोन-चार तास ठणकतं. बोटाच्या टोकावर आणि तळव्यावर जास्त. मोठं मूल दात आवळून सहन करतं, चार वर्षांचं मूल करत नाही, आणि पुढच्या वेळी ते दवाखान्याच्या दारातूनच रडायला लागतं. लहान मुलांना मी गोठवत नाही, याचं कारण तेवढंच.

खात्रीचं म्हणाल तर एकदा करून भागत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी, कित्येकदा चार-पाच वेळा. २०१० च्या एका डच चाचणीत तीन महिन्यांनंतर हातावरच्या साध्या चामखिळी गोठवलेल्यांपैकी ४९ टक्क्यांच्या गेल्या, सॅलिसिलिक अ‍ॅसिडवाल्यांच्या १५ टक्के आणि नुसतं थांबलेल्यांच्या ८ टक्के. तळव्यावर मात्र तिन्ही गटांत ठळक फरक नव्हता. २०११ च्या ब्रिटिश चाचणीतही तळव्यावरच्या चामखिळी १२ आठवड्यांत दोन्ही उपचारांनी सारख्याच, फक्त १४ टक्के, गेल्या. तेव्हा हातावर चिवट चामखीळ असेल आणि मूल तयार असेल तर गोठवणं ठीक. तळव्यासाठी मी आधी प्रश्न ७ मधली पद्धतच नेटाने करायला सांगते.

सावळ्या, गव्हाळ कातडीवर गोठवल्याच्या जागी पांढरा किंवा काळसर डाग राहतो. बहुतेक महिन्यांनी भरून येतो, पण कधी कधी राहून जातो. करण्याआधी याबद्दल विचारून घ्या.

१२. दुकानात गोठवायचा स्प्रे मिळतो. तो घरी वापरू?

त्यातला वायू द्रव नायट्रोजनइतका थंड नसतो, साधारण उणे ५७ अंशांपर्यंतच जातो. म्हणून परिणाम कमी, पण चुकीच्या जागी लागला तर भाजायला तेवढी थंडी पुरते. बहुतेक पाकिटांवर चार वर्षांखालील मुलांसाठी नाही असं लिहिलेलं असतं. मोठ्या मुलाच्या हातावर, ती चामखीळच आहे याची खात्री असताना, सूचना वाचून एखाद-दुसऱ्यांदा वापरायला हरकत नाही. हलणाऱ्या मुलावर नको.

१३. गोठवल्यावर रक्ताने भरलेला काळा फोड आला. घाबरायचं का?

घाबरू नका. काही तासांत ते दोन दिवसांत फोड येतो, त्यात पाणी किंवा रक्त असतं, एक-दोन आठवड्यांत सुकून खपली पडते. फोडू नका. फार ताणला आणि चालता येईना तर डॉक्टर स्वच्छ सुईने पाणी काढतील, वरची कातडी मात्र तशीच ठेवायची. साध्या साबणाने धुवा, पट्टी लावा. लाली हाताच्या वर चढायला लागली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

१४. फोड बरा झाला आणि मधली चामखीळ गेली, पण भोवती गोल कडं उगवलंय. असं कसं?

होतं असं. फोडाच्या मध्यभागी चामखीळ गेली आणि कडेच्या जिवंत कातडीत विषाणू राहिला की अंगठीसारखी चामखीळ येते. दिसायला भयंकर, पण स्वभावाने साधीच. तेवढ्या जागी पुन्हा जोराने गोठवायची घाई करू नका. मी अशा वेळी सॅलिसिलिक अ‍ॅसिडकडे वळते किंवा थांबते.

१५. नखाच्या कडेला आहे आणि तो नखं खातो. काय करू?

आधी नखं खाणं. दातांनी कुरतडलं की प्रत्येक वेळी नवी चीर पडते आणि एका बोटाची चामखीळ चार बोटांवर जाते, कधी ओठांवरही. नखं बारीक ठेवा आणि चामखिळीवर पट्टी लावा. पट्टी तोंडात आली की निदान मुलाच्या लक्षात तरी येतं. रागावून सवय सुटत नाही.

नखाभोवतीची चामखीळ सगळ्यात हट्टी. नखाखाली शिरलेली असते, औषध पोचत नाही. नखाच्या मुळाशी जोराने गोठवलं तर पुढे नख कायमचं वाकडं येऊ शकतं. म्हणून इथे हळू चालणारे उपचारच बरे. काही डॉक्टर कँथरिडिन लावतात. लावताना ते दुखत नाही, काही तासांनी फोड आणतं, आणि लहान मुलांना सुईची भीती असेल तर हा मोठाच फायदा. ते फक्त डॉक्टरांनीच लावायचं.

१६. चेहऱ्यावर आहे. पापणीजवळ बारीक दोऱ्यासारखं काहीतरी आलंय.

ती तंतुमय चामखीळ, पापणी, नाक, ओठ इथे येते. घरचं कोणतंही औषध नको (प्रश्न ९). त्वचारोगतज्ज्ञ ती मिनिटभरात काढतात. कपाळावर, गालांवर बऱ्याच चपट्या, कातडीच्याच रंगाच्या पुळ्या असतील तर त्या सपाट चामखिळी. खाजवलं की ओरखड्याच्या रेषेत ओळीने उगवतात. दाढी करू लागलेल्या मुलांत वस्तऱ्याच्या वाटेवर पसरतात. त्यांना बहुधा रात्री लावायचं रेटिनॉइड क्रीम (अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध) देतात. त्या आपोआप जाण्याचं प्रमाणही चांगलं आहे.

१७. मुळासकट कापून टाकली तर एकदाच काम होईल ना?

चामखिळीला मूळ नसतं. ती वरच्या थरात असते, हाडापर्यंत जात नाही. कापली तर व्रण मात्र कायमचा, आणि तळव्यावरचा व्रण आयुष्यभर टोचतो. शिवाय कडेच्या कातडीत विषाणू राहिला तर व्रणातच पुन्हा उगवते. खरवडून काढणं, लेझर, चामखिळीत इंजेक्शन हे उपाय आहेत, पण महिनोन्‌महिने नीट उपचार करूनही न गेलेल्या आणि खरोखर त्रास देणाऱ्या चामखिळींसाठी. लहान मुलाला त्यासाठी भूल द्यायची वेळ येत असेल तर दोनदा विचार करा.

१८. केस बांधणं, व्हिनेगर, होमिओपॅथीच्या गोळ्या... आमच्या ओळखीच्यांची तर गेली.

गेली असेलच. निम्म्या जातात, म्हणून ज्याने जे केलं त्याला श्रेय मिळतं. गोळ्यांबद्दल: तळव्याच्या चामखिळींवर होमिओपॅथीची नकली गोळीशी तुलना झाली, फरक आढळला नाही. मूल गोळ्या घेत असेल तर मी वाद घालत नाही, थांबण्याचंच ते दुसरं नाव आहे.

पण केस किंवा दोरा आवळून बांधणं, ब्लेड, दाहक अ‍ॅसिड, पेटती उदबत्ती यांवर मी वाद घालते. आठ वर्षांच्या एका मुलीच्या बोटावर व्हिनेगरचा बोळा रात्रभर बांधून ठेवला होता. सकाळी चामखीळ होती तिथेच, आणि भोवती रुपयाएवढी भाजलेली जखम. ती भरायला तीन आठवडे लागले.

१९. शाळेत पाठवू का? पोहायला? टॉवेल वेगळा ठेवू?

शाळेत पाठवा. पोहायलाही. पाण्यात न सुटणारी पट्टी लावा आणि कपडे बदलायच्या ओल्या जागेत चप्पल घालू द्या. टॉवेल, मोजे, पायपुसणं वेगळं ठेवलेलं बरं. भावंडांनी एकमेकांना हात लावायचा नाही, असले नियम करू नका. पाळले जात नाहीत आणि चामखीळ असलेलं मूल बिचारं एकटं पडतं.

२०. एचपीव्ही म्हणजे कर्करोगाचा विषाणू ना? आणि त्याची लस दिली तर चामखीळ जाईल का?

नाव एक, भाऊबंद वेगळे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मुख्यतः १६ आणि १८ हे प्रकार जबाबदार. हातापायांच्या चामखिळींचे प्रकार निराळे आहेत (प्रश्न १), आणि निरोगी मुलात त्या कर्करोगात बदलत नाहीत.

लसीचंही तसंच. नऊ प्रकारांवरची लस ६, ११, १६, १८, ३१, ३३, ४५, ५२, ५८ यांच्यासाठी आहे. हातावरची चामखीळ घालवायला ती देत नाहीत. ती तिच्या खऱ्या कामासाठी, योग्य वयात, मुलींना आणि मुलांना जरूर द्या.

२१. शू-शीच्या जागी चामखीळ दिसते आहे. विचारायलाही संकोच वाटतो.

विचारलंत हे बरं केलंत. घरी काही लावू नका आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. जन्माच्या वेळी आईकडून विषाणू आलेला असू शकतो, मुलाच्याच किंवा सांभाळणाऱ्याच्या हातावरच्या चामखिळीतूनही येऊ शकतो. कधी कधी कारण लैंगिक अत्याचाराचं असतं, म्हणून डॉक्टर शांतपणे पण नीट विचारपूस करतील. तो तुमच्यावरचा आरोप नसतो. दाखवायच्या आधी मुलाला स्वतः खोदून खोदून प्रश्न विचारू नका, तपासणी होऊ द्या.

२२. एकाला पंचवीस-तीस चामखिळी आहेत. प्रतिकारशक्ती कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. खाजवणं, नखं खाणं, इसबाने कातडी चिरलेली असणं एवढं पुरतं. इसब असेल तर आधी तो आटोक्यात आणा. पण अंगभर पसरत असतील, वर्षानुवर्षं उपचारांना दाद देत नसतील आणि सोबत वारंवार न्यूमोनिया, कानाचे संसर्ग, वजन न वाढणं असं काही असेल तर तपासण्या हव्यात. अवयव-प्रत्यारोपण, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असलेल्या मुलांची चामखीळ घरी हाताळू नका, त्यांच्या तज्ज्ञांनाच विचारा.

२३. पूर्ण गेली हे कसं ओळखायचं? औषध कधी बंद करू?

काळे ठिपके नाहीसे झाले, चिमटीत दाबून दुखत नाही आणि बोटाच्या ठशाच्या रेषा त्या जागेवरून पुन्हा सलग जायला लागल्या, म्हणजे गेली. नुसतं सपाट होणं पुरेसं नाही. पालक याच टप्प्यावर थांबतात आणि महिन्याने ‘परत आली’ म्हणून फोटो पाठवतात. ती परत आलेली नसते, गेलीच नव्हती. खरोखर पुन्हा आलीच तर प्रश्न ७ पासून सुरुवात.

२४. इतके महिने शांत होत्या, आता अचानक सगळ्या लाल होऊन खाजतायत. काही औषध लावलेलं नाही. संसर्ग झाला का?

एकच चामखीळ लाल, गरम, ठणकणारी आणि पू असलेली असेल तर हो, दाखवा. पण सगळ्या एकदम लाल झाल्या, खाज आहे पण दुखत नाही, काही काळपट पडल्या, कडा वाळल्यासारख्या दिसतात, मूल खेळतंय-खातंय आणि ताप नाही, तर प्रतिकारशक्तीने अखेर त्यांना ओळखलं असण्याची शक्यता जास्त. या दिवसांत घासू नका, गोठवायची तारीख ठरली असेल तर पुढे ढकला, नखं कापून ठेवा. आज एक फोटो काढून ठेवा आणि पंधरा दिवसांनी त्याच जागेचा दुसरा काढा. अशा वेळचा दुसरा फोटो पालक मला बहुधा पाठवतच नाहीत, विचारल्यावर लिहितात, ‘अहो, त्या कधीच गेल्या!’